रात्रीची नोंद

वाळपईच्या पोस्टात आज पुन्हा पाकीट आलं,
खाकी, एका कोपऱ्यात ओलं.
आत तेच दोन नकार, जुळ्या भावांसारखे:
सेवेमुळे झालेला नाही.
सेवेमुळे बळावलेला नाही.
खाली तक्ता.
मधुमेह: वीस टक्के, आजन्म.
पेन्शनसाठी ग्राह्य: शून्य.

बाबा चष्मा लावून शून्याकडे बघत राहिले.
"आकडा तरी वळणदार काढलाय," म्हणाले,
आणि पेजेत मीठ मागितलं.

बोर्डाचं म्हणणं सरळ आहे.
आजार सापडला बेळगावात,
शांततेच्या ठाण्यावर,
जिथे झाडांच्या बुंध्यांना चुना असतो
आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल.
तिथे कुणाचं रक्त कशाला बिघडेल?
तेव्हा दोष घराण्याचा.

घराण्यात आमची आजी,
अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी काजूच्या बोंडांची पाटी
डोक्यावर घेऊन चढण चढणारी,
चहाआधी गुळाचा खडा तोंडात टाकणारी.
तिचा रिपोर्ट आता कुठल्या लॅबमधून आणू?

सापडला बेळगावात. कबूल.
पण त्याआधी बर्फातलं ठाणं होतं,
आणि रात्रभर तहान.
स्टोव्हवर बर्फ वितळवायचं,
रॉकेलचा वास मारणारं पाणी डबा डबा प्यायचं,
मग वाऱ्याला पाठ देऊन बाहेर उभं राहायचं.
पुन्हा आत, पुन्हा स्टोव्ह.
उंचीनं होतं असं, सगळे म्हणायचे,
आणि तहान तर सगळ्यांनाच होती.
बर्फात मुंग्या नसतात.

त्या मार्चात ते सुट्टीवर आले.
तिसऱ्या दिवशी परसातल्या माडाखाली
आजीला एक काळी ओळ दिसली,
हलणारी.
"म्हाळू, तुज्या मुताक मुयो लागल्यात रे,"
एवढंच बोलली, आणि वर चुलीतली राख टाकली.
सुट्टी संपली.
बेळगाव त्यानंतर दोन वर्षांनी.

हे मी अपिलात सातव्या परिच्छेदात टाइप केलं.
पणजीत कुंकळ्येकर वकिलांनी त्यावर लाल रेघ मारली.
"मुंग्यांची साक्ष चालत नाही, बाय.
कागद आण."

कागद म्हणजे तातोबा चौगुले, गडहिंग्लज,
एका तंबूतले.
पत्र सुनेच्या अक्षरात:
म्हाळू पाणी लई प्यायचा,
मी माझ्यातलं द्यायचो,
आणि शिव्याही द्यायचो.
खाली अंगठा. बाजूला सुनेनंच लिहिलंय,
पेन धरायची बोटं त्यांनी तिकडेच ठेवली.

बाबांचं एक बोट बांबोळीच्या इस्पितळात राहिलं,
उजव्या पायाचं, गेल्या चतुर्थीच्या आधी.
बुटाच्या त्या जागेत ते कापूस भरतात
आणि चालताना कुणाला कळू देत नाहीत.
वीज गेली की इन्सुलिन मडक्यात.
उकडा भात वाटीनं मोजून.
हे सगळं लिहून झालं,
तरी वकील म्हणतात, अजून काही, अजून काही.

म्हणून मीच सुचवलं,
रात्री उठाल तेव्हा वेळ लिहीत जा.
त्यांनी शंभर पानी वही आणवली,
पट्टीनं रकाने आखले,
पहिल्या पानावर नाव, नंबर, पलटण.
महिनाभर बॅटरीच्या उजेडात लिहिलं:
बारा वाजून पाच, पाणी.
एक चाळीस, बाहेर.
दोन दहा, पाणी. पाय जळतात.
तीन पस्तीस, बाहेर.

आज दुसऱ्या अपिलाला जोडायला वही घेतली
तर प्रत्येक रात्रीच्या शेवटी,
पहाटे पाचच्या ओळीत,
पहारा बदलताना लिहितात तसं, ठाशीव अक्षरात,
खाली दोनदा रेघ ओढून:
सब ठीक.

तीस रात्री.
तीस वेळा.
बॉलपेननं.

मी खोडरबर हातात घेऊन बसले आहे.
आत ते विचारतायत,
"वही बघितलीस?
नीट आहे ना?"